पगाराच्या दुसऱ्या दिवशी खातं किती मायनस आहे?

मागच्या अंकात ओव्हरड्राफ्टवर, म्हणजे ओडीवर, दोन ओळी लिहिल्या आणि त्यावर एवढी पत्रं, एवढे मेसेज आले की या वेळचा अख्खा कॉलम त्यालाच देतेय. ओडी म्हणजे खात्यातले पैसे संपले तरी बँकेनं ठरवलेल्या लिमिटपर्यंत काढता येतात ती सोय, तसे काढले की खातं मायनसमध्ये जातं आणि तेवढ्या रकमेवर व्याज लागतं. बरेच प्रश्न एकसारखे होते म्हणून त्यातले काही निवडलेत, नावं कुणाचीच दिलेली नाहीत. मी स्वतः बँकेच्या कर्ज विभागात बरीच वर्षं काढलीत, त्यामुळे टेबलाच्या पलीकडच्या बाजूनं हे कसं दिसतं तेही जमेल तिथं सांगते.

प्रश्न : ताई, नमस्कार. माझ्या पगाराच्या खात्यावर १ लाखाची ओडी लिमिट आहे, व्याज १४ टक्के. दोन वर्षांपूर्वी घरात आजारपण निघालं तेव्हा घेतली. तेव्हा वाटलं होतं तीन चार महिन्यात फेडून टाकू. पगार ४६ हजार, तो आला की मायनस कमी होतो आणि महिनाअखेरीला परत तिथंच. सध्या पगाराच्या आदल्या दिवशी ९८ हजार मायनस असतो. मी दर महिन्याला ४६ हजार भरतोय तरी कर्ज का संपत नाही? – एक नोकरदार वाचक

दादा, तुम्ही ४६ हजार भरत नाही आहात, तो पगार फक्त त्या खात्यातून जातोय. सकाळी आला, संध्याकाळपासून बाहेर पडायला लागला, याला परतफेड म्हणत नाहीत. आणि ओडीची सगळ्यात फसवी गोष्ट हीच आहे, की मोठी रक्कम जमा होताना दिसते, मेसेज येतो, मनाला वाटतं आपण भरतोय.

म्हणून मी सगळ्यांना एकच आकडा बघायला सांगते, तो म्हणजे पगार झाल्याच्या दुसऱ्या दिवशी खातं किती मायनस आहे. महिनाअखेरीचा आकडा सगळ्यांचाच वाईट असतो, त्यातून काही कळत नाही. महिन्यातल्या सगळ्यात चांगल्या दिवशी काय स्थिती आहे ते बघायचं. तुम्ही स्टेटमेंटचा फोटो पाठवलाय त्यात वर्षापूर्वी त्या दिवशी २५ हजार मायनस होता आणि आता ५२ हजार आहे. म्हणजे वर्षात २७ हजारांनी खाली गेलात, महिन्याला सव्वादोन हजार.

आता हे २७ हजार कुठे गेले ते जरा उलगडून बघू कारण इथंच खरी गंमत कळते. वर्षापूर्वी महिनाभराचा सरासरी मायनस ४८ हजारांच्या आसपास होता, आता ७५ हजार. १४ टक्क्यांनी तेव्हा महिन्याला ५६० व्याज लागत होतं, आता ८७५ लागतंय. वर्षाचं सगळं धरलं तर साडेआठ हजारांच्या आसपास व्याज झालं. उरलेले साडेअठरा हजार म्हणजे तुमचा खर्च पगारापेक्षा जास्त झाला तो, महिन्याला साधारण दीड हजार. दीड हजार! एवढी छोटी रक्कम आहे की कुठल्याच महिन्यात ती डोळ्यात भरली नाही, लिमिट शिल्लक होती म्हणून कार्ड चाललं, खातं कधी अडलं नाही. साधं प्लसमधलं खातं असतं तर २५ तारखेला पैसे संपले असते आणि तुम्ही हात आखडता घेतला असता. ओडीमध्ये ती अडवणारी भिंतच नसते.

अजून एक, हे तुम्हाला घाबरवायला नाही पण सांगायलाच हवं. आज आदल्या दिवशी ९८ हजार आहे, याच वेगानं पुढच्या महिन्यात १ लाखाच्या वर जाईल. मग एखादा हप्ता बाउन्स होणार, त्याचा दंड लागणार आणि बँकेच्या सिस्टीममध्ये तुमचं खातं लिमिटबाहेर दिसायला लागणार. त्यामुळे या महिन्यातच बँकेत जा.

जाऊन काय मागायचं, तर जो ५२ हजारांचा भाग कधीच भरून निघत नाही तो वेगळा काढून द्या म्हणायचं. तो आता ओडी राहिलेला नाही, ते लांब मुदतीचं कर्ज झालंय, फक्त त्याला हप्ता ठरलेला नाही. समजा ५० हजारांचं पर्सनल लोन १३ टक्क्यांनी दोन वर्षांसाठी मिळालं तर हप्ता २,३७७ च्या आसपास बसतो, तीन वर्षांसाठी घेतलं तर १,६८५. ओडीवरचं व्याज कमी झाल्यानं महिन्याला ६०० वाचतील, पण खात्याची महिन्याची सव्वादोन हजारांची घसरणही थांबवायची आहे, म्हणून दोन वर्षांचा हप्ता धरला तर तुम्हाला घरखर्चातून दर महिन्याला चारेक हजारांची जागा करावी लागेल, तीन वर्षांचा धरला तर साडेतीन. हे सोपं नाही, मला माहितीये. पण हप्ता संपतो त्या दिवशी कर्ज संपतं, ओडीला असा दिवसच नसतो.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, लोनचे पैसे ओडीत जमा झाले की त्याच भेटीत ओडीची लिमिट १ लाखावरून ५० हजारांवर आणायचा अर्ज द्या. हे लोक विसरतात. मी टेबलाच्या पलीकडे बसून कितीदा बघितलंय, लोन घेऊन ओडी रिकामा केला, लिमिट तशीच ठेवली आणि वर्षभरानं हप्ताही चालू आणि ओडीही पुन्हा भरलेला. पर्सनल लोन मिळत नसेल तर लिमिट दर महिन्याला थोडी थोडी उतरवत न्यायला सांगा, म्हणजे या महिन्यात १ लाख, पुढच्या महिन्यात ९८ हजार, मग ९६ असं. काही बँका अशी उतरती लिमिट देतात. खात्याला भिंत परत मिळते आणि ती दर महिन्याला जरा जरा पुढे सरकते.

प्रश्न : मला लिमिट मंजूर झाल्याचं पत्र आलंय, अजून एक पैसा वापरलेला नाही. व्याज चालू झालं का? आणि वापरलं तर ते नेमकं कसं मोजतात, बँकेतल्या मुलीनं डेली बॅलन्स वगैरे सांगितलं पण डोक्यावरून गेलं. – एक शिक्षिका

नाही, व्याज चालू झालेलं नाही. हप्त्याच्या कर्जात अख्खी रक्कम एकदम हातात येते आणि त्या दिवसापासून व्याज लागतं, ओडीत जेवढी उचल कराल तेवढ्यावरच आणि जितके दिवस उचल आहे तितक्याच दिवसांचं. हाच त्याचा मोठा फायदा आहे.

डेली बॅलन्स म्हणजे रोज दिवस संपताना खातं किती मायनस आहे ते बघायचं, त्यावर त्या एका दिवसाचं व्याज काढायचं आणि महिनाभराची बेरीज करायची. समजा १४ टक्के दर आहे, तुम्ही ४० हजार उचलले आणि १२ दिवसांनी परत भरले. ४० हजार गुणिले १४ टक्के गुणिले १२ दिवस भागिले ३६५, झाले १८४. बस, एवढंच. याच्याइतकं स्वस्त आणि विनाकटकटीचं कर्ज क्वचितच मिळतं. पण तेच ४० हजार वर्षभर तसेच पडले तर? सरळ हिशोबानं ५,६०० यायला पाहिजे, प्रत्यक्षात ५,९७४ येतात कारण दर महिन्याचं व्याज त्याच खात्यात नावे पडतं, म्हणजे त्यातून वजा होतं, तुम्ही वेगळं भरलं नाही तर ती पण उचलच धरली जाते आणि पुढच्या महिन्यात व्याजावर व्याज.

रोजच्या शिल्लकीवर व्याज असल्यामुळे तारखांना फार किंमत आहे. कुठूनतरी ३० हजार येणार असतील आणि ते दुसऱ्या खात्यात दहा दिवस पडून राहणार असतील तर ते आजच ओडीत टाका, दहा दिवसांचे ११५ वाचतात. पगारपण थेट ओडीच्या खात्यात येऊ दे, खर्च होईपर्यंत तो तिथं मायनस कमी करून बसतो. उलट बिलं मुदतीच्या आत पण शेवटाकडे भरा.

व्याजाबाहेरचे खर्च मात्र पत्रात बारीक अक्षरात असतात ते वाचा. प्रोसेसिंग फी, दर वर्षी रिन्यूअलची फी आणि काही ठिकाणी लिमिट न वापरल्याचाही चार्ज असतो. दीड दोनशे व्याज वाचवायला बघताना हजाराची रिन्यूअल फी जात असेल तर तुम्हाला ती लिमिट खरंच हवी आहे का हा विचार करायला पाहिजे.

प्रश्न : एटीएममध्ये माझी शिल्लक ६३ हजार दाखवते, पण पासबुकात मायनस ३७ हजार आहे. खरं कुठलं?

पासबुक. एटीएमवर आणि अ‍ॅपवर ‘अव्हेलेबल बॅलन्स’ दिसतो, त्यात १ लाखाची लिमिट मिळवलेली असते. ते ६३ हजार बँकेचे आहेत, तुमचे नाहीत. अ‍ॅपमध्ये खात्याच्या तपशिलात गेलं की खरी शिल्लक वेगळी दिसते, तीच बघायची सवय लावा.

प्रश्न : मी कधी ओडी मागितलाच नाही. मागच्या महिन्यात एक ऑटो डेबिट गेलं तेव्हा खात्यात ३०० कमी पडले, बँकेनं पेमेंट जाऊ दिलं आणि वर २५० दंड लावला. पाच दिवसांनी माझे पैसे जमा झाले. हे बरोबर आहे का? – कॉलेजात शिकणारी वाचक

तुझा राग अगदी रास्त आहे. पाच दिवसांसाठी ३०० वापरायला दिले आणि त्याचे २५० घेतले, हे व्याजाच्या भाषेत मांडलं तर पाच दिवसाला ८३ टक्के झालं. मंजूर ओडी असता तर १४ टक्क्यांनी पाच दिवसाचं व्याज ६० पैशांच्याही आत आलं असतं.

इथं दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक मंजूर ओडी, ज्यात लिमिट आणि दर आधी ठरलेला असतो. दुसरा विनामंजुरीचा, म्हणजे बँकेनं त्या वेळेपुरतं खातं मायनसमध्ये जाऊ दिलं, उपकार केल्यासारखं, आणि ठरावीक फी लावली. ठरावीक फी असली की जितकी रक्कम छोटी तितका तो माणूस जास्त मारला जातो, आणि छोटी रक्कम कुणाला कमी पडते, ज्याच्याकडे आधीच कमी आहे त्यालाच. मला हे पहिल्यापासून अन्यायाचं वाटत आलंय.

सरकारांनाही ते पटलं. अमेरिकेत २०१० पासून नियम आला की एटीएममधून काढताना किंवा डेबिट कार्डानं एकदाच करायच्या पेमेंटला ग्राहकानं आधी हो म्हटलेलं नसेल तर ओव्हरड्राफ्टची फी लावता येणार नाही. चेक आणि दर महिन्याचे ऑटो डेबिट मात्र त्यातून सुटले, म्हणजे नेमकं तुझ्यासारखी केस. ब्रिटनमध्ये एप्रिल २०२० पासून ठरावीक फी बंदच केली, फक्त वार्षिक व्याजदर सांगून व्याज लावायचं आणि विनामंजुरीला मंजूर ओडीपेक्षा जास्त दर लावायचा नाही असं ठरलं. त्याच सुमारास तिथल्या बऱ्याच मोठ्या बँकांनी मंजूर ओडीचाच दर जवळपास ४० टक्क्यांवर नेला, तेही सांगायला हवं, कारण ज्यांचा मायनस मोठा आणि कायमचा होता त्यांना ते महागात गेलं. पण ३०० कमी पडणाऱ्याची सुटका झाली.

तू काय करायचंस : एक, बँकेला लेखी विचार की माझ्या खात्याला असा ओव्हरड्राफ्ट कुठल्या अटीवर चालू आहे, मी त्याला कधी संमती दिली. दोन, तो बंद करायला सांग, पैसे नसतील तर पेमेंट नाकारा म्हणावं. पण थांब, आधी एवढं बघ की नाकारल्यावर बाउन्सचा चार्ज किती आहे, कधीकधी तो २५० पेक्षाही जास्त असतो आणि ज्याचं पेमेंट अडलं तोही दंड लावतो, मग परत तेच. तीन, पहिल्यांदाच झालंय म्हणून दंड परत मागायचा. खूप लोक मागतच नाहीत. शाखेत शांतपणे मागितलं की पहिल्या वेळेचा दंड पुष्कळदा परत मिळतो, मी स्वतः असे अर्ज पुढे पाठवलेत. आणि ऑटो डेबिटची तारीख पैसे जमा होण्याच्या तारखेनंतर दोन दिवसांवर नेऊन ठेव, सुट्टी मध्ये आली तरी अडचण नाही.

प्रश्न : २ लाखांची एफडी आहे, १० महिने झालेत, ७ टक्क्यांची. २० दिवसांसाठी दीड लाख लागणार आहेत, मग नक्की येणार आहेत. एफडी मोडू की त्यावर ओडी घेऊ? बँकेनं ओडीचा दर ८ टक्के सांगितलाय आणि एफडी मोडली तर १ टक्का कापणार म्हणे.

मोडू नका. दीड लाखावर २० दिवसांचं ८ टक्क्यांनी व्याज ६५८ होतं, आणि त्याच वेळी एफडीवर तुमचे ७ टक्के चालूच आहेत. मोडलीत तर नुसता १ टक्का कापला तरी २ लाखांवर १० महिन्यांचे १,६६७ जातात. एफडीवरचा ओडी हा मला सगळ्यात सुरक्षित वाटणारा ओडी आहे कारण तारण आपलंच, दर कमी आणि कागदपत्रंही कमी.

धोका एकच, ‘नक्की येणार आहेत’ हे पैसे आले नाहीत तर. मग व्याज गुपचूप चढत राहतं, विचारायला कुणी येत नाही कारण बँक निवांत असते, एफडी तिच्याकडे आहे. मुदत संपली की ती वळती करून घेणार. म्हणून आजच कॅलेंडरवर एक तारीख लिहा, समजा ४५ दिवसांनंतरची, की तोपर्यंत पैसे आले नाहीत तर एफडी मोडून ओडी मिटवायचा. तारीख आत्ता ठरवायची, तेव्हा नाही. तेव्हा माणूस अजून एक महिना बघू म्हणतो.

प्रश्न : माझा छोटा धंदा आहे, माल रोखीनं घेतो आणि गिऱ्हाईक ६० दिवसांनी पैसे देतं. ५ लाखांची ओडी लिमिट आहे, व्याज १३ टक्के. मागच्या वर्षी एक मशीन स्वस्तात मिळत होतं म्हणून ओडीतूनच अडीच लाख काढून घेतलं. आता माल भरायला लिमिट पुरत नाही, बँकवाला खातं फिरत नाही म्हणून फोन करतो. मशीन तर चांगलं चाललंय, मग चुकलं कुठं?

मशीन घेण्यात काही चुकलं नाही, ते ज्या खिशातून घेतलं तिथं चुकलं.

ओव्हरड्राफ्टचा जन्मच तुमच्यासारख्या माणसासाठी झालाय. १७२८ साली एडिंबरामध्ये विल्यम हॉग नावाचा एक व्यापारी होता, त्याची अडचण हीच की माल घ्यायला पैसे आधी द्यावे लागायचे आणि गिऱ्हाइकाकडून यायचे नंतर. रॉयल बँक ऑफ स्कॉटलंडनं त्याला सांगितलं की खात्यात जेवढे आहेत त्याच्यावर १,००० पौंडांपर्यंत तू काढू शकतोस. जगातला पहिला ओव्हरड्राफ्ट म्हणून हाच सांगतात. जवळपास ३०० वर्षं झाली तरी त्याचं काम तेच आहे, पैसे जाणं आणि पैसे येणं यातला खड्डा भरायचा. माल विकला की पैसे आले, खड्डा बुजला, परत पुढचा माल.

मशीनचे पैसे असे ६० दिवसांत परत येत नाहीत, ते चार पाच वर्षांत थोडे थोडे येतात. म्हणून तुमच्या ५ लाखांतले अडीच लाख कायमचे अडकले आणि धंदा फिरवायला अडीचच उरले. गेल्या सहा महिन्यांत तुमचं खातं सगळ्यात चांगल्या दिवशी कुठपर्यंत वर आलंय ते बघा, ते २ लाख ४० हजार, २ लाख ६० हजार मायनसच्या वर गेलेलंच नसणार. बँकवाला खातं फिरत नाही म्हणतो ते यालाच. त्याला खातं शून्याकडे जाऊन परत खाली आलेलं बघायचं असतं, तळाला बसून राहिलेलं खातं बघितलं की त्याला वाटतं हा धंदा पैसे कमवत नाही, जरी तो कमवत असला तरी.

त्याच्या फोनला टाळू नका, हे कळकळीनं सांगते. मशीनचं बिल घेऊन जा, ते आता किती माल काढतंय त्याचे आकडे घेऊन जा आणि अडीच लाखांचं टर्म लोन, म्हणजे ठरलेल्या हप्त्यांचं कर्ज, मशीनच्या तारणावर मागा, ते थेट ओडीत जमा होऊ दे. बँकेलाही हे आवडतं. उलट लपून राहिलात आणि खातं लिमिटच्या वर जाऊन तिथंच राहिलं तर गाडी भलत्याच रस्त्याला लागते. बँकांसाठी जगभर जे बासेलचे नियम धरतात त्यात ९० दिवस थकलं की कर्ज बुडीताकडे गेलं असं मानतात, आणि ओडीचे ते दिवस लिमिट ओलांडल्यापासून मोजले जातात. तुम्हाला वाटतं थोडंसं वर गेलंय, तिकडे दिवस मोजणं चालू असतं. शिवाय एक लक्षात असू द्या, ओडी मागताक्षणी परत करायच्या अटीवर असतो, बँक लिमिट कमी करू शकते, मग मालही नाही आणि मशीनही थांबलं.

ओडी जिथं जरूर वापरावा अशी एक जागा सांगते. माल देणारा कधी उधारी द्यायला तयार होतो आणि म्हणतो ३० दिवस आधी रोख दिलेत तर २ टक्के सूट. १ लाखाच्या बिलावर २,००० वाचतात. त्यासाठी ओडीतून ९८ हजार काढले तर १३ टक्क्यांनी ३० दिवसांचं व्याज १,०४७. म्हणजे साडेनऊशे चक्क फायद्यात. पण लिमिट मोकळी असेल तरच ही सूट घेता येते, तुमची सध्या मशीनमध्ये अडकलीये.

प्रश्न : नवऱ्याचं आणि माझं जॉइंट खातं आहे, त्यावर ओडी आहे. उचल सगळी त्यांनी केली. मी वेगळी झाले तर मला अर्धंच भरावं लागेल ना? – एक वाचक

ताई, नाही. दोघांच्या सहीनं घेतलेल्या ओडीत साधारणपणे दोघंही पूर्ण रकमेला जबाबदार असतात, अर्धं अर्धं नाही. बँक कुणाकडूनही सगळं मागू शकते. आणि त्याच बँकेत तुमचं स्वतःचं एखादं खातं असेल तर थकल्यावर त्यातूनही वळतं करून घेण्याचा हक्क कराराच्या अटींमध्ये बहुतेक लिहिलेला असतो, तो कागद आजच काढून वाचा.

आधी एक काम करा, वेगळं होण्याचं नक्की होत असेल तर बँकेला लेखी कळवा की या खात्यावर यापुढे नवीन उचल थांबवावी, किंवा दोघांच्या सहीशिवाय काढू देऊ नये. पोच घ्या, तारखेसह. आजपर्यंत जे झालंय ते त्यानं पुसलं जात नाही पण आजपासून पुढचं वाढणं थांबतं. तुमचा पगार त्या खात्यात येत असेल तर दुसऱ्या बँकेत स्वतःच्या नावाचं खातं उघडा आणि तो तिकडे वळवा. बाकी रकमेचं कुणी किती भरायचं हे वकिलाकडून समझोत्यात लिहून घ्या, पण लक्षात ठेवा तो कागद तुमच्या दोघांमध्ये चालतो, बँकेवर तो बंधनकारक नाही. खातं मिटवून बंद करणं हाच पक्का मार्ग.

प्रश्न : बचत खात्यात ८० हजार आहेत ३ टक्क्यांनी, ओडी ६० हजार आहे १४ टक्क्यांनी. अडीअडचणीला राहू दे म्हणून बचत मोडत नाही. बरोबर ना?

ही सवय खूप जणांची आहे आणि मला कळते ती, हाताशी पैसे दिसले की झोप लागते. पण ६० हजारांवर वर्षाला ११ टक्क्यांचा फरक म्हणजे ६,६०० तुम्ही त्या झोपेसाठी देताय. काही लोक म्हणतील सगळा ओडी भरून टाका, अडचण आली तर लिमिट आहेच. मी तेवढं पुढं जाणार नाही, कारण अडचणीच्याच वेळी, नोकरी गेल्यावर वगैरे, बँक लिमिट काढून घेऊ शकते. तुमचा महिन्याचा खर्च ३५ हजार लिहिलाय, तेवढे बचतीत ठेवा आणि ४५ हजार उद्याच ओडीत टाका. राहिलेले १५ दोन तीन पगारात जातील.

प्रश्न : ताई, शेवटी संपला! तीन वर्षांनी काल माझा ओडी शून्य झाला. आता खातं आपोआप बंद होईल ना?

वाचून खूप बरं वाटलं, मनापासून अभिनंदन. पण आपोआप काही बंद होत नाही. शून्य झालं म्हणजे फक्त उचल नाही, लिमिट अजून उघडी आहे आणि रिन्यूअलची तारीख आली की फी पडणार, खातं परत मायनस. शिवाय या महिन्यातल्या काही दिवसांचं व्याज अजून लागायचंय, ते महिनाअखेरीला नावे पडेल, म्हणून दोनतीनशे जास्तीचे टाकून ठेवा. नवीन महिन्याच्या पहिल्या आठवड्यात शाखेत जा, लिमिट रद्द करायचा अर्ज द्या, त्या खात्याची उरलेली चेकची पानं परत करा, एफडी किंवा पॉलिसी तारण ठेवली असेल तर त्यावरची नोंद काढून घ्या, आणि काही बाकी नाही असं पत्र बँकेच्या शिक्क्यासह मागा. त्या खात्यावर एखादा ऑटो डेबिट अजून लागलेला आहे का तेही बघा, नाहीतर वर्षातून एकदाच जाणारं एखादं सबस्क्रिप्शन त्या दिवशी बाउन्स होतं. दोन महिन्यांनी क्रेडिट रिपोर्ट काढून बघा, त्यात हे खातं बंद दिसायला हवं. नसेल दिसत तर तेच पत्र घेऊन परत शाखेत जा.